एका आयव्हीने बेडरूमची हवा शुद्ध होत नाही

‘आयव्हीची एक कुंडी बेडरूममध्ये ठेवा, हवा शुद्ध होते. ऊन नको, निगा नको. अंगणात लावा, लॉनचा खर्च वाचेल. मुलांना आणि प्राण्यांना पूर्ण सुरक्षित.’ हा मेसेज बागकामाच्या ग्रुपांवर सतत फिरतो. इंग्लिश आयव्ही माझी लाडकी वेल आहे आणि अशा सल्ल्यापायी तिचे हाल होतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हवा. या दाव्याचं मूळ ‘नासा’च्या 1989 च्या अहवालात आहे. त्यातले प्रयोग छोट्या, हवाबंद पेट्यांत झाले होते. आपल्या खोलीत दारं-खिडक्या आणि फटींतून हवा सतत बदलत असते. जुन्या प्रयोगांची आकडेमोड 2019 मध्ये पुन्हा झाली. इमारतीत आपोआप खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. खिडकी उघडा, काम होईल.

‘ऊन नको, निगा नको’ हे तर सर्वांत घातक. आयव्ही मुळात थंड हवेची. तिला सकाळचं कोवळं ऊन किंवा भरपूर उजेड हवा. अंधाऱ्या कोपऱ्यात ती लांबुळकी होते आणि पांढऱ्या कडांच्या जातींची नक्षी फिकी पडते. पुणे-नागपूरकडच्या उन्हाळ्यात खरा शत्रू लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले की पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालू लागले, तर तो कोळीच. कुंडी बाजूला घ्या, पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, दर तीन-चार दिवसांनी पुन्हा धुवा. कोरड्या, गरम हवेत हा कोळी झपाट्याने वाढतो, त्यामुळे एसीसमोर किंवा तापलेल्या भिंतीला टेकवून कुंडी ठेवू नये. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्यायचं. बशीत पाणी साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात.

लॉनऐवजी? आपल्या सपाटीवरच्या उघड्या अंगणात ती मे महिन्यात करपते. जिथे हवा मानवते तिथे उलटाच त्रास. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2010 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. जमिनीवर पसरलेली वेल झाडावर चढली की तिला फुलं-फळं येतात, पक्षी बिया नेतात आणि ती जंगलात शिरते. म्हणून महाबळेश्वर-पाचगणीलाही तिला कुंडीतच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सुरक्षित? अजिबात नाही. पानं किंवा फळं खाल्ली तर मांजर-कुत्र्याला उलट्या-जुलाब होऊ शकतात. चिकामुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं, तेव्हा छाटणी करताना हातमोजे घाला. रांगतं मूल घरात असेल तर कुंडी उंच टांगा आणि लोंबणारे शेंडे वेळेवर छाटा. छाटलेले तुकडे फेकू नका: पेराखाली (पान फुटतं त्या गाठीखाली) कापून ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचले, तर नवी रोपं होतात. हे काम हिवाळ्यात करा.