मामा, ते गुलाब काढ!

नोकरीवाल्यांच्या नेटवर्कवर भाच्याचा गळ्यात बिल्ला घातलेला फोटो दिसला. मी खाली 'मस्त रे बाळा!' लिहून तीन गुलाब टाकले. लगेच त्याचा फोन. आभार मानायला नव्हे.

"मामा, ती कमेंट काढ ना प्लीज. ऑफिसचे लोक बघतात."

मला वाटलं, 'बाळा' खटकलं असेल. तर म्हणाला, "बाळा एक वेळ चालेल. गुलाब नको."

"गुलाबात वाईट काय?"

"वाईट नाही रे. पण कसले लोक टाकतात, माहितीये ना?"

"कसले?"

यावर जरा खाकरून त्याने मला सगळी उतरंड समजावली. इथे म्हणे 'नम्रपणे कळवतो' अशी सुरुवात करून स्वतःचीच आरती ओवाळायची. फोटोंचं नेटवर्क वेगळं. तिथे त्याची दोन खाती आहेत, एक नातेवाइकांसाठी आणि एक 'माणसांसाठी'. (शब्द त्याचाच.) आणि फेसबुक?

"तिकडे आता कोणी नसतं, मामा."

"अरे, महिन्याला तीनशे कोटींच्या वर माणसं असतात!"

"हो, पण कोणी नसतं."

हेच फेसबुक २००४ साली सुरू झालं तेव्हा हार्वर्डचा ईमेल पत्ता नसलेल्याला दारातही उभं करत नव्हतं. २००६ मध्ये सगळ्यांना आत घेतलं. पुढच्याच वर्षी डॅना बॉइड या संशोधक बाईंनी लिहिलं, की अमेरिकेत कॉलेजच्या वाटेवरची, बऱ्या घरची पोरं फेसबुककडे निघाली आहेत आणि बाकीची मायस्पेस या त्या काळच्या नेटवर्कवर राहताहेत. मायस्पेसवरची चमचमती सजावट या पहिल्या मंडळींना बटबटीत वाटायची. म्हणजे गुलाब तेव्हाही नडलेच होते. ट्विटरच्या निळ्या खुणेची कथा तर याहून भारी. ती फक्त नामवंतांना मिळायची तोवर मोठ्यांचा मान. २०२२ च्या अखेरीस महिन्याचे पैसे भरणाऱ्या कोणालाही मिळू लागली आणि मिरवायचीच लाज वाटायला लागली. २०२३ मध्ये ती लपवायचीही सोय झाली. पैसे भरून घ्यायची आणि झाकून ठेवायची!

इथवर हसून सोडलं असतं. पण भाचा इंग्रजीत एकही मोठं अक्षर न वापरता, पूर्णविराम गिळून लिहितो, ती स्टाइल. कोणी कष्टकरी माणूस ऱ्हस्वदीर्घ चुकवत मनापासून चार ओळी लिहितो, तर त्याचे स्क्रीनशॉट हसायला फिरतात. पत्र्याच्या घरापुढे नाचणारी पोरगी 'क्रिंज', त्याच गाण्यावर शुभ्र पडद्यापुढे नाचणारी 'ट्रेंडिंग'. स्टेप त्याच, गाणं तेच. ताल बहुधा पत्र्यापुढचीचाच बरा असतो, पण तो ऐकतंय कोण?

हे सगळं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, "मामा, तू फार पर्सनली घेतोयस."

घेणारच! पर्सनल खात्यावरूनच टाकले होते ना!

गुलाब काढले. मात्र संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा सहज विचारलं, "लेकाच्या दोन खात्यांपैकी तू कुठल्या खात्यात गं?"

"दोन?" ताई म्हणाली.

मग मला सगळं सविस्तर सांगावंच लागलं.