'अल्लाह' संस्कृतात सापडला म्हणे!

नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी फॉरवर्ड टाकला: 'अल्लाह हा मूळ संस्कृत शब्द, अर्थ देवी, पुरावा पाणिनी. यहोवा, म्हणजे बायबलमधला देव, हा ऋग्वेदातला यह्व. अल्लाह हा काबातला चंद्रदेव.' खाली लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग. मामा वडीलधारे, तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

आधी पाणिनी. 'अम्बार्थनद्योर्ह्रस्वः' (७.३.१०७) हे सूत्र कुणी उघडून तरी पाहिलंय का? त्यात 'अल्ला' नाहीच. आईवाचक शब्दाने (आणि 'नदी' गटातल्या म्हणजे ई-ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दाने) हाक मारताना शेवटचा स्वर ऱ्हस्व होतो, एवढंच त्यात आहे. 'हे अम्ब, हे अक्क, हे अल्ल' ही उदाहरणं पुढे काशिकावृत्तीने, म्हणजे पाणिनीवरच्या एका टीकाग्रंथाने, दिली. तेव्हा संस्कृतात 'अल्ला' म्हणजे आई, हे मान्य. पण म्हणून तो शब्द अरबस्तानात गेला? मग त्याच ओळीतल्या अक्काने इस्राएलमधलं अक्का शहर वसवलं असणार!

अरबीत 'इलाह' म्हणजे देव. त्याला 'अल्' हे उपपद लागून अल्-इलाह आणि त्याचं अल्लाह झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शेवटचा 'ह' मूळ शब्दातलाच आहे. हिब्रूतल्या एलोहीम (देव) या शब्दामध्ये तो आहे, अरामीतल्या एलाहामध्येही आहे. आणखी मागे जायचं तर सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे १९२९ पासून उगारित शहराच्या मातीच्या पाट्या निघाल्या. इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातल्या त्या पाट्यांत देवांचा प्रमुख आहे 'इल'. प्राचीन इराकातल्या अक्कडी भाषेत देवाला 'इलु'. एवढं सेमिटिक (अरबी, हिब्रू, अरामी, अक्कडी यांचं भाषाकुल) गोत समोर असताना काशिकेतली आई कशाला ओढायची?

यह्वचं म्हणाल, तर ऋग्वेदात तो शब्द आहे, अग्नीला लावलेला. आणि हे नातं व्हॉट्सॲपवाल्यांनी शोधलेलं नाही. खुद्द लोकमान्य टिळकांनी १९१७ साली छापलेल्या एका लेखात ते सुचवलं होतं. पण तो तर्क होता. हिब्रूत या देवाच्या नावाची लिहिली जातात फक्त चार व्यंजनं, य-ह-व-ह. मोआब देशाच्या (आजच्या जॉर्डनमधल्या) मेशा राजाच्या इ.स.पू. नवव्या शतकातल्या शिलालेखातही तीच आहेत. 'यहोवा' हा उच्चार त्यांत 'अदोनाय' (प्रभू) या हिब्रू शब्दाचे स्वर घालून फार नंतर तयार झाला.

चंद्रदेवाबद्दल फार लिहीत नाही. काबात इस्लामपूर्व काळात हुबल नावाच्या देवाची मूर्ती होती, पण तो चंद्रदेव होता आणि तोच अल्लाह झाला, याला धड पुरावा नाही. सूर्याला आणि चंद्राला सजदा (जमिनीला कपाळ टेकून नमन) करू नका, असं कुराणच (४१:३७) सांगतं. अरब ख्रिस्तीही देवाला अल्लाहच म्हणतात. युरोपातल्या माल्टा बेटावरचे कॅथलिक प्रार्थनेत 'अल्ला' म्हणतात, तेही चंद्राला पूजतात की काय?