मोजे कुठे आहेत?

चार दिवस झाले, तरी त्या बाईंचा आवाज कानातून जात नाही. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या, हीच खरी बोच. बोलत होत्या माझ्या आठ महिन्यांच्या लेकीशी, आणि विषय होता मी.

शनिवार-रविवार, फ्लॉरेन्सहून भाड्याची गाडी, जवळच्या किआंती या द्राक्षमळ्यांच्या भागातल्या एका वाइनरीत चव घ्यायची आधी ठरवून ठेवलेली वेळ. बायको चाखणार, मी गाडी चालवणार. इटलीत रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलपर्यंत चालतं, लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. पण त्या वळणांवर मागे लेक असताना मला सूट-बिट नको होती. म्हणून ग्लास बायकोच्या हातात, लेक माझ्या हातात.

तळघराच्या दारात मालकाची आई खुर्ची टाकून लाल ठिपक्यांच्या शेंगा सोलत बसलेली. बाहेर २९ अंश. लेकीच्या अंगात बिनबाह्यांचं झबलं, पाय उघडे. बाईंनी शेंग टोपलीत टाकली, लेकीचा तळवा मुठीत धरला आणि सुरू झाल्या. वाइन ओतणारी मुलगी भलतीच कर्तव्यदक्ष. तिनं सगळ्याचंच भाषांतर केलं, एकाच पट्टीत.

"ही किआंती क्लासिको. कमीत कमी ८० टक्के सांजोवेझे द्राक्ष. चेरीचा वास येईल. आणि आजी विचारतायत, हिचे मोजे कुठे आहेत?"

"गाडीत."

"आजी म्हणतायत, गाडीला थंडी वाजते का? ही रिझेर्वा. किमान २४ महिने मुरवलेली. तुरटपणा जिभेच्या कडांना जाणवेल."

बायकोनं मान डोलावली. कशाला डोलावली, ते मी अजून विचारलेलं नाही.

"ही ग्रान सेलेत्सिओने. ३० महिने, आणि द्राक्षं फक्त स्वतःच्या मळ्यातली. आजी म्हणतायत, बाप शिकलेला दिसतो, तरी असं. हिला कोल्पो द'आरिया होणार."

कोल्पो द'आरिया म्हणजे वाऱ्याचा फटका. मान आखडली, पोट दुखलं, कान ठणकला, की इटलीत एकच आरोपी: वारा. पुण्यात आमची आई याच आरोपीच्या मागावर असते. भर उन्हात नातीच्या कानाला फडकं बांधून "वारं लागेल हो" म्हणणाऱ्या त्या माउलीपासून सहा-सात हजार किलोमीटर लांब आलो, तर तिची शाखा इथे शेंगा सोलत बसलेली!

चीड याची, की बाई बरोबर होत्या. वाइनचं तळघर उन्हाळ्यातही १४-१५ अंशांवर असतं. दारातून आत पाऊल टाकलं की क्षणात तेवढेच अंश खाली. तेव्हा बाळाचे मोजे, टोपरं आणि लांब बाह्यांचं काहीतरी अंगावरच्या पिशवीत ठेवा, गाडीत नव्हे.

मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि ती बाईंनीही सांगितली नाही. तेव्हा नव्या द्राक्षांचा रस टाक्यांत आंबत असतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. म्हणजे बरोबर बाबागाडीच्या उंचीला. त्या टाक्यांच्या खोलीत बाळ न्यायचंच नाही, कडेवरही नाही. पिंपांच्या तळघरातही आधी विचारूनच जा.

बाबागाडीही विसराच. ग्रेवे या किआंतीतल्या गावाचा तिकोनी चौक आणि त्याच्या कमानी संपल्या की सगळी खडी. मळ्यांकडे जाणारे पांढरे कच्चे रस्ते फोटोत सुंदर दिसतात, लहान चाकं त्यात रुतून बसतात. बाळ छातीशी बांधायची झोळी हाच उपाय. फ्लॉरेन्स ते ग्रेवे जेमतेम तीस किलोमीटर, पण ती किआंतीजाना सडक सरळ अशी चालतच नाही. दूध पाजल्यावर अर्धा तास थांबूनच निघा. आम्ही दहा मिनिटं थांबलो होतो. सीटचं कव्हर दोनदा धुतलं.

दुधाच्या पावडरीसाठी बाटलीवर 'नातुराले' लिहिलेलं पाणी घ्यायचं. 'फ्रिझान्ते' म्हणजे बुडबुड्यांचं. त्यात पावडर कालवली की फेस बाटलीच्या तोंडाशी येतो आणि मग रात्रभर बाळाच्या पोटाशी बोलावं लागतं. लेबलावर 'रेझिदुओ फिस्सो' हा आकडा असतो, तो लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर क्षार अगदी कमी. गरम पाणी कुठल्याही कॉफीच्या बारमध्ये मागा, हसत देतात. फक्त यंत्राचं पाणी जवळजवळ उकळतं असतं. बाटली थंड पाण्यात धरून, मनगटावर थेंब टाकून बघितल्याशिवाय पाजू नका.

पावाचं मात्र कौतुक. तोस्कानाचा, म्हणजे फ्लॉरेन्स-किआंतीच्या या प्रांताचा पाव मुळातच अळणी, मीठ शून्य. मोठी माणसं नाकं मुरडतात. दात येणाऱ्या बाळाला त्याचं कडक कवच चघळायला दिलं की वीस मिनिटं शांतता. तुकडा तुटत नाही ना, एवढं बघत बसायचं.

आता खरी तक्रार. बाळाला बसवायची उंच खुर्ची जवळजवळ प्रत्येक खानावळीत मिळते, मागितली की पळत आणतात. पण लंगोट बदलायची फळी? ती असलीच तर बायकांच्या स्वच्छतागृहात. या देशात बापानं बाळ नाचवावं, मिरवावं, त्याच्यावरून बोलणी खावीत. पुसायचं मात्र गाडीच्या डिकीत, उतारावर, वाऱ्यात. (हो, तोच वारा. तेव्हा कुणी आजी आली नाही.) त्यात जेवण साडेबाराला सुरू, अडीचला स्वयंपाकघर बंद, संध्याकाळी साडेसातच्या आधी चूल पेटत नाही. लेक झोपते साडेबारा ते अडीच, आणि पुन्हा साडेसातला.

किआंती क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो. दंतकथा अशी, की फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांनी हद्द ठरवायला पैज लावली: आपापला कोंबडा आरवला की त्या-त्या शहरातून घोडेस्वार निघायचा, दोघे भेटतील तिथे सीमा. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो अंधारातच आरवला, आणि जवळजवळ सगळी किआंती त्यांना मिळाली. दुकानातली मुलगी ही गोष्ट रंगवून सांगत होती. आमचा कोंबडा त्या दिवशी पावणेपाचला आरवला होता, पोटभर दूध पिऊनही, आणि आम्हाला एक वीतही जमीन मिळाली नव्हती.

निघताना बाईंनी कमरेचं निळ्या चौकड्यांचं फडकं सोडलं, झाडलं, लेकीच्या दोन्ही कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. लेक, जी माझ्या हातून टोपी दहा सेकंद ठेवत नाही, ती त्यांच्याकडे बघून हसली. बायकोनं फोटो काढला. बिलात तीन वाइन, ऑलिव्ह तेलाची एक बाटली. फडक्याचे पैसे लावले नव्हते, एवढं मान्य केलं पाहिजे.