जॉर्जियात आई, अलाबामात परकी?

काल संध्याकाळी प्रभाकरने कट्ट्यावर अमेरिकेतल्या एका दत्तक-खटल्याचा विषय काढला आणि अंधार पडला तरी कोणी उठले नाही. न्यायालयीन कागदांत केवळ आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या व्ही. एल. आणि ई. एल. या दोघी १९९५ पासून जोडीदार होत्या. ई. एल. यांना २००२ मध्ये एक अपत्य आणि २००४ मध्ये जुळी झाली. राहायला अलाबामात असूनही त्यांनी जॉर्जियातील अल्फारेटा येथे घर भाड्याने घेतले आणि २००७ मध्ये तिथल्या कोर्टाकडून व्ही. एल. यांच्या नावे दत्तकाचा हुकूम मिळवला. २०११ मध्ये दोघी विभक्त झाल्या, मुलांना भेटण्याच्या हक्कावरून वाद कोर्टात गेला आणि २०१५ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमच अमान्य केला.

"प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे, मग एकाचा हुकूम दुसऱ्याने का मानावा?" प्रभाकरने विचारले.

वकिली करणाऱ्या नीलाताई म्हणाल्या, "कायदा वेगळा आणि निवाडा वेगळा. परराज्यातल्या निवाड्याला पूर्ण मान्यता द्यावी, असे त्यांच्या घटनेचे चौथे कलम सांगते. आपल्या घटनेच्या कलम २६१ मध्येही तेच तत्त्व आहे."

प्रभाकर हटला नाही. जॉर्जियाच्या कायद्यानुसार आधीच्या पालकाने हक्क सोडल्याशिवाय असे दत्तक देताच येत नव्हते, म्हणून हुकूम मुळातच पोकळ, असा त्याचा मुद्दा होता. अलाबामानेही हेच धरले होते. नीलाताईंचे उत्तर मला निर्णायक वाटते: निकाल चुकीचा असणे आणि निकाल देण्याचा अधिकारच नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दत्तकाची प्रकरणे ऐकण्याचा अधिकार त्या कोर्टाला निश्चित होता. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता, एकमताने, याच कारणासाठी अलाबामाचा निकाल फिरवला.

शाळेत शिकवणाऱ्या वसुधाने विचारले, "पण जन्मदाखल्यावर दोघींची नावे असली, तर एवढा खटाटोप कशाला?"

"दाखला ही नोंद आहे, निवाडा नव्हे," नीलाताई म्हणाल्या. "म्हणून तिथले वकील आजही दुसऱ्या आईला दत्तकाचा हुकूम घेऊन ठेवायला सांगतात."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून जिने रात्री जागवल्या, तिने स्वतःचेच मूल दत्तक घ्यायचे?" वसुधाचा आवाज चढला होता, आणि या वेळी प्रभाकरनेही प्रतिवाद केला नाही.