वाढीव गुण आणि गवसणीतला तबला

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा पास झालेल्या मुलांना बोर्ड वाढीव गुण देतं, ते द्यावेत की नाही? पुण्याचा दादा म्हणतो, द्यायलाच हवेत, पोरानं इतकी वर्षं रियाज केलाय. वहिनी म्हणते, त्या गुणांमुळेच तर हवं ते सायन्स कॉलेज मिळालं. ते मिळालं आणि भाच्याचा तबला गवसणीत गेला. मला हेच खुपतं.

इथे अमेरिकेत, ओहायोत माझी मुलगी व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) वाजवते, पदवीही तिला त्यातच घ्यायची आहे. आमच्या कोलंबसहून दोनेक तासांवर ओबर्लिन हे कॉलेज आणि त्याचं संगीत विद्यालय आहे. तिथे पाच वर्षांत संगीताची आणि दुसऱ्या विषयाची अशा दोन पदव्या घेता येतात, पण दोन्हीकडचे प्रवेश वेगवेगळे मिळवावे लागतात. व्हायोला सुरेल वाजला म्हणून गणिताचे गुण वाढत नाहीत. गणितात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून ऑडिशन सुटत नाही. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या कलाशाळेत तर संगीताच्या प्रवेशात ऑडिशनलाच सर्वांत जास्त महत्त्व असतं. मोठ्या विद्यापीठांतल्या संगीत विभागांत मात्र शाळेची गुणपत्रिकाही नीट तपासतात. ‘वादकाला मार्क कशाला हवेत’ असं मुलगी म्हणाली, तेव्हा मी तिचं ऐकलं नाही. संगीताचा इतिहास वाचायचा, त्यावर निबंध लिहायचे, तर अभ्यासाची सवय हवीच.

इथलं सगळं चांगलं आहे असं मुळीच नाही. खासगी शिकवणी, वाद्य, ऑडिशनसाठी गावोगावचा प्रवास, हे ज्यांना परवडत नाही त्यांची मुलं त्या खोलीच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. फिलाडेल्फियाची कर्टिस ही संगीतसंस्था 1928 पासून शिकवणीची फी घेत नाही, पण तिथे जागा मोजक्याच. भाच्याचे गुरुजी महिन्याला जे घेतात, तेवढ्यात इथे एक तास मिळत नाही.

तरी दादाशी मी भांडते. गाण्या-वाजवण्याचे गुण विज्ञानाच्या प्रवेशात मिसळू नका. ज्याला संगीतच शिकायचंय, त्याच्यासाठी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या जागा वाढवा, जिथे समोर बसवून ऐकतात.

जानेवारीत लेकीची ऑडिशन आहे. जुलैत आम्ही पुण्याला येतोय. भाच्याला तबला काढून ठेवायला सांगितलंय.