‘मशीन चालूच केलं नाही, नुसत्या फायली कॉपी करून दिल्या’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

काल रात्री दुकान बंद करताना तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. फाँटच्या बाबतीत चूक आमचीच आहे. शनिवारी रात्री तुमच्या लॅपटॉपमधून दिवाळी अंकाच्या फायली काढून तुम्हाला दिल्या, पण त्या जुन्या विंडोजमधले फाँट द्यायचे राहून गेले. रविवारी तुमच्या ऑपरेटरने पेजमेकरमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पान उघडलं तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली आणि तुमचा अख्खा दिवस वाया गेला. दिवाळी अंक छापायला जायच्या आठवड्यात एक दिवस म्हणजे काय, हे मला कळतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण पुढे तुम्ही जे लिहिलंय ते फार लागलं. ‘ह्यांनी मशीन चालूसुद्धा केलं नाही, नुसत्या फायली कॉपी करून दिल्या आणि २,८०० रुपये घेतले. माझा भाचा म्हणतो हे डबल क्लिकचं, दहा मिनिटांचं काम आहे. ह्यांनी दोन दिवस लावले.’ हे वाचून सकाळपासून दोन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, की तुम्ही काम न करता पैसे घेता का. काका, अकरा वर्षं झाली दुकानाला. भाडं, दुकानातल्या मुलाचा पगार, सगळं याच कामावर चालतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

मशीन, म्हणजे लॅपटॉपमधलं तुमचं जुनं विंडोज, चालू केलं नाही हे खरं आहे. ते मी मुद्दाम केलं नाही. तुमची पानं बचावली ती त्यामुळेच.

तुमच्याकडे लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात जुनं विंडोज एक्सपी आणि त्यात पेजमेकर, अशी सोय आहे. पुण्यातल्या निम्म्याअधिक जुन्या डीटीपीवाल्यांकडे मी हेच पाहतो, कारण जुने फाँट आणि जुन्या फायली नव्या विंडोजवर धड चालत नाहीत. त्या एक्सपीची जी ‘हार्ड डिस्क’ असते, ती लॅपटॉपवर एक मोठी फाइल म्हणून असते. तुमची होती ३८ जीबीची, व्हीडीआय प्रकारची. ती फाइल बाहेरून उघडून आतल्या फायली काढता येतात, त्यासाठी एक्सपी सुरू करावं लागत नाही. तुमचा भाचा हेच म्हणत होता आणि ते चूक नाही. फाइल व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स, म्हणजे विंडोजला ओळखता येणाऱ्या प्रकारची, असेल तर विंडोज ८ पासून खरंच डबल क्लिक केलं की ती नवीन ड्राइव्हसारखी दिसते. विंडोज ७ मध्येही डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन व्हीएचडी जोडता यायची. पण तुमची व्हीडीआय होती. तिच्यावर विंडोजमध्ये कितीही डबल क्लिक केलं तरी ड्राइव्ह दिसत नाही.

तरीसुद्धा शुक्रवारी दुपारी तुम्ही एक्स्टर्नल डिस्क घेऊन आलात तेव्हा मी तुमच्यासमोरच ती फाइल सेव्हन-झिप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवली. दहा मिनिटंही लागली नाहीत. तुम्ही म्हणालात, ‘उघडलं ना, मग द्या की पेनड्राइव्हवर.’ तेव्हा मीच म्हटलं, काका, थांबा, तारखा बघू. आठवतंय का? आत गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकाचा फोल्डर होता, या वर्षीचा नव्हता. सगळ्यात नवी फाइल मार्च महिन्यातली होती. तुमचा चेहरा पडला. त्याच वेळी मी त्या फायली कॉपी मारून, पैसे घेऊन तुम्हाला मोकळं केलं असतं, तर आज तुमची तक्रार खरी ठरली असती.

त्याचं कारण मी तेव्हाही सांगितलं होतं, पण तुम्ही फोनवर होतात, म्हणून पुन्हा सांगतो. मार्चमध्ये कुणीतरी व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘स्नॅपशॉट’चं बटण दाबलं होतं. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क तिथेच गोठते. त्यानंतर जे काही नवीन लिहिलं जातं ते मूळ फाइलमध्ये जात नाही, स्नॅपशॉट्स नावाच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये जातं. म्हणजे मार्चपासूनचं तुमचं सगळं काम, या वर्षीची १७६ पानं, त्या दुसऱ्या फाइलमध्ये होतं. भाच्याने एक्स्टर्नल डिस्कवर फक्त मोठी फाइल आणली होती. त्या फोल्डरमधल्या फाइलला लांबलचक आकड्यांचं नाव असतं, त्यामुळे ती बिनकामाची वाटते. भाच्याचा यात दोष नाही, ही चूक पुष्कळांकडून होते.

बरं, ती दुसरी फाइल एकटी उघडूनही उपयोग नसतो. तिच्यात फक्त बदललेले तुकडे असतात, बाकीचं मूळ फाइलमधून वाचावं लागतं. दोन्ही एकमेकींना जुळल्या तरच पान पूर्ण होतं. आणि इथे तुम्ही जे अभिप्रायात लिहिलं नाही ते मला लिहावं लागतंय. भाच्याने घरी ती कॉपी व्हर्च्युअलबॉक्समधल्या नव्या मशीनला लावून एक्सपी सुरू करून पाहिलं होतं. निळा स्क्रीन आला, डिस्क तपासणी सुरू झाली, मग बंद केलं, असं तुम्हीच सांगितलंत. सुरू होताना विंडोज डिस्कवर कितीतरी गोष्टी लिहितं, आणि तपासणी सुरू झाली की ‘दुरुस्ती’ म्हणून फायलींचे तुकडे इकडचे तिकडेही करतं. मूळ डिस्कवर असा एक बदल झाला तरी स्नॅपशॉटची फाइल तिच्याशी जुळत नाही. ती कॉपी त्या क्षणी निकामी झाली. हे सगळं एक्स्टर्नलवरच्या कॉपीवर झालं, लॅपटॉपमधली मूळ फाइल तशीच राहिली, म्हणून निभावलं. हेच लॅपटॉपवर केलं असतं तर मार्चनंतरची पानं परत मिळतील याची खात्री मी देऊ शकलो नसतो.

म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळी फोन करून लॅपटॉप मागितला. तुम्ही म्हणालात, डिस्क दिली आहे तेवढ्यात करा. मी पुन्हा फोन केला. शनिवारी बाराच्या सुमारास लॅपटॉप आला. ‘दोन दिवस’ म्हणता त्यातली शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार दुपार ही वेळ अशी गेली, एवढंच नम्रपणे सांगतो.

लॅपटॉपची खरी हार्ड डिस्क वाचताना अडखळत होती. मी तो त्याच्या विंडोजवर सुरू केला नाही, पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला आणि त्याची डिस्क फक्त वाचायची, लिहायची नाही, अशी जोडली. ३८ जीबीची मूळ फाइल आणि ११ जीबीची स्नॅपशॉटची, मिळून ४९ जीबी. चांगल्या डिस्कवर पंधरा-वीस मिनिटांत होणाऱ्या कॉपीला साडेतीन तास लागले. मी शेजारी बसून होतो, कारण अशी डिस्क मधेच बसली तर काय होतं हे मी पूर्वी पाहिलंय. मग त्या कॉपीची आणखी एक कॉपी केली, दोन्हींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा खुणेचा आकडा) जुळवला, एक बाजूला ठेवली आणि दुसरीवर काम केलं. व्हर्च्युअलबॉक्सच्याच कमांडने मूळ आणि स्नॅपशॉट एकत्र करून नवीन व्हीएचडी बनवली आणि ती विंडोजमध्ये जोडताना ‘रीड-ओन्ली’च्या चौकटीत खूण केली. इतकं झाल्यावर तुमच्या भाच्याचं दहा मिनिटांचं काम सुरू झालं, आणि ते खरंच दहा मिनिटांत झालं असतं, पण एक्सपीच्या युजर फोल्डरला ‘परवानगी नाही’ असा संदेश आला. तिथे ‘कंटिन्यू’ दाबून परवानगी घ्यायची म्हणजे पुन्हा त्या डिस्कवर लिहिणं आलं. म्हणून बॅकअप पद्धतीने, म्हणजे परवानग्या न बदलता, फायली बाहेर काढल्या.

रात्री साडेआठला तुम्ही आलात. जोडलेल्या व्हीएचडीची ‘G:’ ड्राइव्ह उघडून मी तुम्हाला फोल्डर दाखवला. शेवटच्या फाइलची वेळ ११.५२ होती, रात्रीची. तुम्ही लगेच म्हणालात, ‘हो हो, त्या रात्री आम्ही जाहिरातींची पानं लावत बसलो होतो.’ तुम्ही माझा हात हातात घेतलात, काका. ते आठवून हा अभिप्राय वाचताना खरंच वाईट वाटलं.

फाँट त्याच डिस्कवर, विंडोजच्या आतल्या फोल्डरमध्ये होते. तुमच्या जुन्या फायलींत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात, म्हणून तोच फाँट नसेल तर वाचता येत नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी त्या रात्री घाईत सुटलं. तुम्ही पानं कुठल्या मशीनवर उघडणार हे मी विचारायला हवं होतं. सोमवारी सकाळी तुम्ही आल्यावर वीस मिनिटांत फाँट आणि पानांना जोडलेली चित्रंही दिली, त्याचा एक रुपया घेतला नाही. हे अभिप्रायात आलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता पैशांचं. पहिल्या फोनवर मी १,५०० सांगितले होते हे बरोबर आहे. ते एक्स्टर्नलवरच्या एका फाइलमधून डेटा काढायचे होते. लॅपटॉप आल्यावर, अडखळणारी डिस्क आणि दोन फायली जुळवायच्या म्हटल्यावर, २,८०० होतील असं दुकानातल्या मुलाने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ‘करा, अंक निघाला पाहिजे’ म्हणालात. ते कागदावर लिहून घेतलं नाही, ही आमची चूक. यापुढे रक्कम बदलली तर आधी लिहून देऊ, मेसेज तरी करू. फाँटचं मुलालाही सांगून ठेवलंय, तसा काहीतरी तक्ता करून काउंटरवर लावायचा विचार आहे.

मशीन चालू करून दाखवलं असतं तर तुम्हाला काम झाल्यासारखं वाटलं असतं, हे मी समजू शकतो. पडद्यावर ओळखीचं एक्सपी दिसलं असतं, पेजमेकर उघडला असता. पण दुसऱ्याचा डेटा हातात असताना दिसण्यासाठी म्हणून मी ते करणार नाही, अभिप्राय कसाही आला तरी. आधी कॉपी, मग फक्त वाचायचं, आणि मालकाने फायली उघडून ‘सगळं आलं’ म्हटल्यावरच मूळ मशीनला हात, हे मी पहिल्या दिवसापासून पाळत आलोय. तुम्हालाही तेवढं सांगायचं होतं, की लॅपटॉपमधलं ते एक्सपी आत्ता सुरू करू नका. अंक छापून होऊ दे. त्या डिस्कचा भरवसा नाही.

अभिप्राय काढा असं मी म्हणत नाही. फाँटचा राग रास्त आहे, तो राहू दे. फक्त ‘काम न करता पैसे घेतले’ ही ओळ एकदा पुन्हा वाचून बघा, एवढी विनंती.

तुमची एक्स्टर्नल डिस्क अजून काउंटरच्या खणात आहे, सोमवारी गडबडीत राहिली. एकत्र केलेली व्हीएचडीही मी अजून पुसलेली नाही, एखादं पान किंवा चित्र कमी निघालं तर लगेच काढून देतो. दुकान सकाळी साडेदहा ते रात्री आठ उघडं असतं, रविवारी बंद. छापखान्याची घाई असेल तर फोन करा, मुलाला डिस्क घेऊन तुमच्याकडे पाठवतो.