क्रीडा महोत्सव भरवणाऱ्यांस नम्र सूचना

नागपुरात दिव्यांगांचा सर्वसमावेशक क्रीडा महोत्सव भरवण्याचे आपण मनावर घेतलेच असेल, तर प्रथम खेळाडूंचा विचार डोक्यातून काढून टाकावा. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली की निम्मा महोत्सव पार पडतो. 3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन सोयीचा, कारण पुढे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की मांडववाले आणि पाहुणे दोघेही हाती लागत नाहीत.

नावनोंदणी तिसऱ्या मजल्यावर ठेवावी, आणि लिफ्ट बंद असल्यास उत्तमच. जो वर पोहोचला त्याची क्षमता चाचणी आपोआप होते. जो पोहोचला नाही त्याच्याविषयी ‘प्रतिसाद अल्प’ असे अहवालात लिहिता येते. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत, पण आपल्या अर्जाला तीन रकाने आणि एक ‘इतर’ पुरे.

व्यासपीठ चांगले छातीइतके उंच हवे. चाकांच्या खुर्चीसाठी उतार करावा, असे कोणीतरी सुचवीलच. एकास बारा या प्रमाणाने मीटरभर उंचीला बारा मीटर लांबीचा उतार लागतो, आणि तेवढ्या जागेत मान्यवरांचे सोफे बसतात. त्यापेक्षा चार स्वयंसेवकांनी खेळाडूला खुर्चीसकट उचलून वर न्यावे. त्याला विचारण्याची गरज नाही. तो संकोचाने हसतो आणि ते छायाचित्रात आनंदासारखेच दिसते.

गोलबॉल अवश्य ठेवावा. त्यात दोन्ही बाजूंचे तीन-तीन खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधून खेळतात, चेंडूत घुंगरू असतात आणि केवळ त्यांच्या आवाजावरून चेंडूची दिशा ओळखून, आडवे पडून तो अडवायचा असतो. म्हणून खेळ चालू असताना प्रेक्षकांनी शांत राहावे असा नियम आहे. पण आपण ढोल-ताशा पथकाला सुपारी आधीच दिलेली असते आणि निवेदकही मानधन घेऊन गप्प बसणार नाही. गोल जास्त झाले, तर सामना रंगला असे म्हणावे.

भाषणात मुरलीकांत पेटकरांचा उल्लेख हवाच. 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात त्यांनी भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले, हे सांगताना पाहुण्यांचा कंठ दाटून यावा. अशा वेळी, शहरातल्या किती तरणतलावांत चाकांची खुर्ची काठापर्यंत जाते, असे विचारणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावू नये.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला पुष्परचनेच्या मागे उभे करावे. स्वच्छतागृहाची चर्चा टाळावी. सामने दीड तासात आटोपतात, भाषणे तीन तास चालतात, हा हिशेब खेळाडूंनी सकाळी पाणी पितानाच ठेवायला हवा.

प्रसिद्धीसाठी मोठा फलक पुरतो. त्यावर अकरा मान्यवरांचे चेहरे घ्यावेत, कोपऱ्यात चाकांच्या खुर्चीचे चिन्ह असावे, आणि साल मात्र वेगळ्या कागदावर छापून चिकटवावे, म्हणजे पुढील डिसेंबरात तेवढेच बदलता येते.